शहाण्यासारखी बसली म्हणून

मला राग फार येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. चौदा वर्षं मी फिरती विशेष शिक्षिका आहे, तीही कंत्राटी. दरवर्षी जूनमध्ये आदेश निघाला की कळतं, आपण याही वर्षी शिक्षिका आहोत. माझ्याकडे हिंगण्याच्या बाजूच्या नऊ शाळा आणि एकसष्ट मुलं. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, आठ जण स्वमग्न. एका शाळेच्या वाट्याला मी आठवड्यातून जेमतेम अर्धा दिवस येते. वरचे साहेब याला समावेशित शिक्षण म्हणतात. मी काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या आठांतली एक श्वेता. पंधरा वर्षांची, दहावीत. वडील प्रीतम एमआयडीसीत पाळीवर जातात, आई भावना घरीच मशीनवर ब्लाउज शिवते. श्वेता बोलते कमी, पण वाचते सगळं. औषधाच्या चिठ्ठीपासून भूगोलाच्या पुस्तकापर्यंत. लिहायला बसली की पेन इतका दाबते की कागद फाटतो, आणि एक उत्तर पुरं व्हायला अर्धा तास लागतो. आवाज तिला सहन होत नाही. कुकर, मिक्सर, वरातीचा बँड, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे माणसाचं ओरडणं. माझ्यासारखी तोंडाळ बाई तिच्यासमोर चार वर्षं हळू आवाजात बोलत आली, यातच सगळं आलं. गणित ती माझ्याशिवाय कुणाकडून शिकत नाही. शाळेतल्या सरांनी फळ्यावर सोडवलेलं गणित तिच्या लेखी गणितच नाही. मी तिच्या वहीच्या कोपऱ्यात सोडवलं की मग ते गणित.

दहावीला तिला लेखनिक हवा होता, तासामागे वीस मिनिटं जास्त हवी होती. बोर्ड हे सगळं देतं, पण त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर किमान चाळीस टक्के लागतात. लहानपणी मिळालेलं तिचं तात्पुरतं प्रमाणपत्र कधीच संपलं होतं. मग कोरोना आला, मग प्रीतमची कंपनी बदलली, मग राहूनच गेलं. जूनमध्ये मुख्याध्यापक मधुसूदन सरांनी मला ऑफिसात बोलावलं.

"मॅडम, मुलगी गुणी आहे, माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण दसऱ्याच्या आत सर्टिफिकेट आलं तर ठीक. नाहीतर तिला सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगा. बाहेरून बसू दे. शाळेचा निकाल चार वर्षं शंभर टक्के आहे."

पहिलीपासून ज्या शाळेत मुलगी बसली, त्या शाळेच्या पाटीवरचे शंभर टक्के सांभाळण्यासाठी तिने दहावीत बाहेर जायचं. मी काय बोलले ते मधुसूदन सर अजून विसरले नसतील. पण बोलून तारीख पुढे जात नाही.

अशा मुलांच्या घरच्यांचा आमचा एक गट आहे. रविवारी सकाळी वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये बसतो. अकरा आया, दोन बाप, एक आजी आणि मी. गट भावनाने आणि मी मिळून काढला. तिथे भाषणं होत नाहीत. कोणता न्हावी मुलाला न दटावता केस कापतो, कोणता दातांचा डॉक्टर आधी खुर्ची दाखवून मग दुसऱ्या दिवशी बोलावतो, कोणता ऑटोवाला गाणी बंद ठेवतो, हे आम्ही एकमेकींना सांगतो. सरकारने जे सांगायला हवं ते आम्ही सतरंजीवर बसून सांगतो. आजी म्हणजे यमुताई, पारशिवनीहून पहिल्या एसटीने येतात, नातवासाठी. त्यांना कुणाची भीडभाड नाही.

गेल्या वर्षी आमच्यातला खापरखेड्याचा एक मुलगा प्रमाणपत्राच्या दिवशी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात आडवा पडला, तीन तास उठला नाही. शिपाई नाही नाही ते बोलला आणि ती आई तपासणी न करताच घरी परतली. श्वेताचं तसं होऊ नये म्हणून मी ठरवलं, तालीम करायची. पूर्ण रंगीत तालीम, स्नेहसंमेलनासारखी.

मी अकरा चित्रं काढली. फाटक, रांग, खिडकी, बाक, पंखा, दार, टेबल, डॉक्टर. विहाराच्या हॉलमध्ये खुर्च्या लावून दवाखाना केला. यमुताई पांढरा टॉवेल खांद्यावर टाकून डॉक्टर झाल्या आणि पाटलासारख्या आवाजात विचारू लागल्या, "नाव काय गं तुझं?" सगळ्या हसल्या. श्वेता पहिल्या रविवारी दारातूनच परत गेली. दुसऱ्या रविवारी बाकापर्यंत आली. पाचव्या रविवारी खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवले, डॉक्टरांच्या कपाळाकडे पाहिलं (डोळ्यांत पाहवत नसेल तर कपाळाकडे पाहा, हे मीच शिकवलेलं) आणि म्हणाली, "माझं नाव श्वेता प्रीतम रामटेके. मी दहावीत शिकते." भावनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर स्वतःचा इतका अभिमान वाटला की घरी जाताना मी रस्त्यात उगाच हसत होते.

आपल्याकडे पाहुणे आले की पोराला उभं करतात, कविता म्हणून दाखव म्हणतात. पोराला येवो न येवो, पाहुण्यांपुढे घराची शोभा व्हायला नको. भावनाने पंधरा वर्षं तेच केलं होतं. सासूने विचारलं, पोरगी अजून तशीच का, की म्हणायची, नाही आई, आता पुष्कळ सुधारली. नणंदेने विचारलं तरी तेच. आणि मी शिक्षिका, मी त्या सवयीला चित्रं काढून दिली.

तपासणीच्या दिवशी श्वेता फाटकातून आत गेली, रांगेत उभी राहिली, दोन तास बाकावर बसली. कानांवर आवाज अडवणारे हेडफोन होते. आत डॉक्टरांनी काढायला सांगितले, तर तेही काढले. नाव सांगितलं. कपाळाकडे पाहिलं. मग डॉक्टरांनी चाळीस प्रश्नांची यादी काढली आणि भावनाला एकेक विचारू लागले.

"नजरेला नजर देते?"

"देते न सर."

"हट्ट, आदळआपट?"

"पहिले होती. आता कमी झाली."

"आवाजाचा त्रास?"

"समजदार झाली आता. ऐकते."

मी मागे उभी होते. तिथेच तिला थांबवायला हवं होतं. त्याऐवजी मी काय केलं? मी पुढे होऊन म्हणाले, "सर, चार वर्षं मी शिकवतेय तिला." डॉक्टर म्हणाले, "छान तयार केलीत हो मॅडम." आणि ते छान मी पदरात घेतलं. बाहेर टपरीवर आम्ही तिघींनी तर्री पोहे खाल्ले. श्वेताने तर्री बाजूला काढून नुसते पोहे खाल्ले.

तीन आठवड्यांनी प्रमाणपत्र ऑनलाइन दिसलं. तीस टक्के.

भावनाने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "मॅडम, तिनं तर सारं बरोबर केलं न? जसं शिकवलं तसंच केलं. मग काहून कमी दिले?"

मी काय सांगणार होते? की बाई, ही अशी परीक्षा आहे जिच्यात पास झालं की नापास? तुझ्या पोरीने पाच रविवार जीव काढून जे मिळवलं, तेच तिच्या मुळावर आलं? मी फोन ठेवला आणि ती अकरा चित्रं फाडून टाकली. फाडून काय होणार होतं ते मला माहीत होतं, तरी फाडली. डॉक्टरचा राग आला, भावनाचा आला, आणि माझा स्वतःचा तर इतका आला की दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. चौदा वर्षं या कामात काढून मला एवढं कळू नये? त्या खोलीत मुलगी किती शिकली हे मोजत नाहीत, किती अडते हे मोजतात. मला ते माहीत होतं. पण शाबासकी मिळते म्हटल्यावर मी विसरले.

फेरतपासणीचा अर्ज केला. तारीख मिळाली, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. दसरा त्यानंतर आठ दिवसांवर.

त्या रविवारी विहारात यमुताईंनी तोंड उघडलं. "भावना, माझं ऐक. त्या दिवशी पोरीले उपाशी ने. कानाचं ते घरीच ठेव. अन् ऑटोत गाणे लावाले सांग मोठ्यानं. डॉक्टरपुढे पोचली की पाहा कशी होते ते. माया नातवाले मी असंच नेलं होतं. पंच्याहत्तर टक्के भेटले."

दोघी-तिघींनी मान खाली घातली, म्हणजे त्यांनीही तेच केलं होतं. माझं डोकं फिरलं.

"लाज नाही वाटत?" मी म्हणाले. "कागदासाठी लेकराला छळायचं? तो काय माकडाचा खेळ आहे?"

"छळ तर मले बी समजते, बाई," यमुताई शांतपणे म्हणाल्या. "पेन्शन बंद होती त्याची. ज्याचं जळते त्यालेच समजते."

"मला कळत नाही असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तुम्हाले पगार भेटते, बाई."

मी उठून निघून गेले. आपल्या माणसांवर मी इतकी ओरडते आणि ज्यांच्यावर ओरडायला हवं ते एसीत बसलेले असतात, हे पायऱ्या उतरताना मला कळत होतं.

भावनाने मात्र माझं ऐकलं. श्वेताला उपाशी नेलं नाही. नेहमीची पोळी-साखर दिली, हेडफोन दिले, शांत ऑटोवाला बोलावला. मी फाईल तयार केली होती. शाळेतल्या नोंदी, फाटलेल्या वह्या, घरचे बारा व्हिडिओ. एकात शेजारी लग्नाचा बँड वाजतोय आणि श्वेता पलंगाखाली मनगट चावतेय. हे सगळं पाहिल्यावर कुणालाही कळेल, असं मला वाटलं होतं.

डॉक्टर दुसरे होते, तरुण. श्वेता खुर्चीत बसली. हेडफोन काढा, असं त्यांनी म्हणायच्या आधीच तिने काढून मांडीवर ठेवले. कपाळाकडे पाहिलं. "माझं नाव श्वेता प्रीतम रामटेके. मी दहावीत शिकते." तिला एकदा शिकवलं की ते शिकवलेलं राहतं. या खोलीत असं बसायचं असतं, हे तिच्यासाठी ठरून गेलं होतं. आता हे विसर, असं तिला कुठल्या चित्राने सांगणार?

या वेळी भावनाने प्रश्नांची खरी उत्तरं दिली. खालमानेने, एकेक. कपडे कोण बदलून देतं, पाळीच्या दिवसांत काय होतं, घराबाहेर एकटी गेली तर काय होतं. प्रत्येक उत्तराला तिचा आवाज बारीक होत गेला. पोर समोर बसून ऐकत होती.

डॉक्टरांनी जुना कागद पाहिला. "दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच सांगितलं, त्रास कमी आहे. आता सगळंच जास्त झालं?"

"सर, तेव्हा त्या घाबरून बोलल्या होत्या," मी म्हणाले. "हे व्हिडिओ पाहा. दोन मिनिटांचं काम आहे."

"मॅडम, व्हिडिओ सगळेच आणतात. मी समोर दिसतं ते लिहितो." त्यांनी श्वेताकडे पेन रोखला. "समोर काय आहे? मुलगी शांत बसली आहे, नाव सांगते, वर्ग सांगते. परीक्षा जवळ आली की सवलतीसाठी पालक येतात, आम्हाला नवीन नाही ते."

भावनाने डोळे मिटले. पंधरा वर्षं जिने पोरीचं काहीही कुणापुढे उघडं केलं नाही, तिने आज तिची पाळीसुद्धा टेबलावर मांडली होती, आणि हा तिला खोटारडी म्हणत होता.

मी ओरडले.

काय बोलले ते सगळं आठवत नाही. सवलत कुणाला म्हणता, एवढं आठवतं. एक रात्र या आईच्या घरी काढून दाखवा, हे आठवतं. माझा आवाज मोठा आहे. उघड्या मैदानात मी दोनशे मुलांची प्रार्थना घेते. खोली लहान होती. श्वेता खुर्चीतून उडाली. खुर्ची मागे पडली, हेडफोन फरशीवर आपटले. तिने कानांवर हात दाबले, भिंतीशी गेली, डोकं भिंतीवर आपटू लागली. मग मनगट तोंडात. घशातून तो आवाज निघायला लागला, जो मी फक्त व्हिडिओत ऐकला होता, कारण माझ्यासमोर तशी वेळ चार वर्षांत कधी आली नव्हती.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं आणि पेन कागदावर हलू लागला.

आणि मी पुन्हा ओरडले.

त्यानंतर श्वेता वऱ्हांड्यातल्या बाकाखाली सव्वा तास होती. भावना फरशीवर तिच्याजवळ बसली, हात न लावता. मी जवळ गेले की आतला आवाज वाढायचा, म्हणून मी जिन्याजवळ उभी राहिले. शिपाई आला आणि म्हणाला, "मॅडम, ये क्या तमाशा है?" त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे आवाज उरला नव्हता.

या वेळी प्रमाणपत्र लगेच निघालं. पासष्ट टक्के मिळाले. दसऱ्याच्या चार दिवस आधी मी कागद मधुसूदन सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "झालं बुवा एकदाचं," म्हणाले.

आमच्या व्हॉट्सअॅप गटावर हारांची आणि जोडलेल्या हातांची चित्रं आली. मॅडमनी डॉक्टरला सरळ केलं. मॅडमसारखं कुणीतरी बोलायलाच पाहिजे. मग एकीचा मेसेज आला, पुढच्या महिन्यात आमची तारीख आहे, तुम्ही सोबत याल का? त्याखाली दुसरीचा, आमचीपण आहे. मी मोबाइल पालथा ठेवला.

त्यानंतरच्या गुरुवारी नेहमीच्या शिकवणीला मी भावनाच्या घरी गेले. श्वेता बाहेरच्या खोलीत वही घेऊन बसली होती. मला पाहताच तिने वही टाकली, कान दाबले आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. मी एक शब्दही बोलले नव्हते.

"बसा, मॅडम," भावना म्हणाली. चहा ठेवला. मशीनवरचं कापड उगाच सारखं केलं. आतून श्वेताचा तोच आवाज येत होता, हळू.

"तुमचे लई उपकार आहेत आमच्यावर," ती म्हणाली. "कागद भेटला. लेखनिक भेटन. हे तर मी जन्मभर विसरणार नाही." मग तिने चहा गाळला. "एक विचारू का? राग नका मानू."

"विचार."

"तुम्ही मुद्दाम केलं का?"

खोटं बोलता आलं असतं. रागीट बाईला एक बरं असतं, काही केलं तरी लोक म्हणतात, राग आला असेल. पण कडीमागची पोर ऐकत होती.

"पहिल्यांदा ओरडले ते रागाने," मी म्हणाले. "दुसऱ्यांदा मुद्दाम. त्याचा पेन हलताना दिसला मला."

भावनाने कप माझ्याकडे सरकवला.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "मी बी त्या पेनाकडंच पाहून राहिली होती. तुम्ही गप राहिल्या असत्या न, तर मी ओरडली असती." तिने पदराने डोळे पुसले, घाईने. "पण मी तिची माय आहे. माझ्यापासून जाऊन जाऊन ती कुठं जाईन? तुमच्यापासून गेली, मॅडम. तुम्ही आता नका येत जाऊ. दुसरं कोणी असन तुमच्या हापिसात, तर त्याले पाठवा. चार महिने राहिले परीक्षेले. गणित तेवढं राहिलं आहे तिचं."

हापिसात दुसरं कुणी नव्हतं. या नऊ शाळांना विशेष शिक्षिका एकच आहे.

"पाहते," मी हळू आवाजात म्हणाले, आणि चपला घालून निघाले.